उतारावरचा कठडा

मित्रांनो, मी आता तुकड्यांत आहे. मला कठडा म्हणायचे की भंगार, ते तुम्हीच ठरवा. कोलकात्यातल्या बेहाला भागात ‘शेफाली’ नावाची एक जुनी इमारत आहे. तिच्या दारात व्हीलचेअरसाठी सिमेंटचा एक उतार बांधलेला आहे. त्या उताराच्या एका बाजूला भिंत आणि दुसरी बाजू उघडी. त्या उघड्या बाजूला मी अनेक वर्षे उभा होतो. सध्या अंगणातल्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये जुन्या टायरांशेजारी पडून आहे. भंगारवाला आज येईल, उद्या येईल. तो येण्याआधी मला एका माणसाची हकिगत सांगायची आहे. ती आनंदाची नाही. तरी ऐका.

माझा जन्म खिदिरपूरचा. गोदीच्या भिंतीलगत ग्रिल आणि जिने बनवणाऱ्यांची एक गल्ली आहे. तिथे लोखंडी नळ्या कापून, जोडून, घासून मला घडवले. मला घडवून घेणारे होते मनोहर वझे. त्यांची सारी नोकरी त्याच गोदीच्या कस्टम खात्यात गेली, त्यामुळे गल्लीतले सगळे त्यांना ओळखत. वझ्यांचे घर मराठी, पण त्यांच्या आजोबांनी नोकरीसाठी जे हे शहर धरले ते मनोहररावांपर्यंत कुणी सोडले नाही. मनोहररावांची बंगाली अशी, की मासळीबाजारातही कुणाला ते परके वाटत नसत. घरात मात्र मराठी.

मला बनवण्याचे कारण म्हणजे त्यांच्या पत्नी, कालिंदीबाई. एका मुलींच्या शाळेत त्या भूमिती शिकवत. मग संधिवाताने त्यांना गाठले. आधी बोटे वाकडी झाली, मग गुडघे गेले, मग शाळा गेली आणि शेवटी व्हीलचेअर आली. बेहाल्यात पावसाळ्यात पाणी तुंबते, म्हणून शेफालीचे जोते उंच आहे. वझ्यांचे घर तळमजल्यावर असले तरी दारातून अंगणात उतरायला पायऱ्या होत्याच. सुरुवातीला दोघे जण खुर्ची उचलून कालिंदीबाईंना खाली नेत. त्यांना ते मुळीच आवडत नसे.

“मी काय गणपती आहे का, खांद्यावरून मिरवायला?” त्या म्हणत.

म्हणून मनोहररावांनी इमारतीच्या कमिटीला गळ घालून पायऱ्यांशेजारी उतार बांधून घेतला आणि त्याला कठडा हवा म्हणून मला आणले.

ते माझे चांगले दिवस होते, मित्रांनो. रोज संध्याकाळी ती दोघे बाहेर पडत. कालिंदीबाई खुर्चीत, मनोहरराव मागे. उतरताना त्यांचा एक हात खुर्चीच्या मुठीवर असे आणि एक माझ्यावर. खुर्चीचा भार खाली ओढू लागला की ते माझ्यावर रेलत आणि मी तो भार झेलत असे. बाकीचेही मला धरू लागले. गॅस सिलिंडर आणणारा मला टेकून श्वास घेई. बाळाची गाडी ढकलणाऱ्या सुना, काठीवाले आजोबा, ऑपरेशन करून घरी आलेले शेजारी, सगळ्यांचे हात माझ्यावरून गेले. मनोहररावांना सगळे शेजारी वझेदा म्हणत; कुणी म्हणे, “वझेदांनी चांगलं काम केलं.” मला ते आपलेच कौतुक वाटे.

मग हळूहळू मी सवयीचा झालो. सवयीच्या वस्तूकडे कुणी बघत नाही. माझ्या खांबांना सायकली साखळीने बांधल्या जाऊ लागल्या. ओल्या छत्र्या, पायपुसणी, कधी कुणाची धुतलेली चादर माझ्यावर वाळू लागली. अंगणात गाड्या धुतल्या की ते पाणी उताराच्या पायथ्याशी येऊन साचे, आणि माझे खालचे खांब त्यात उभे राहत. लोकांना वाटते, लोखंडाला गंज बाहेरून चढतो. मी तर आतून पोकळ होतो. सिमेंटच्या कडेने माझ्या पायात जे पाणी शिरले ते कधी बाहेर पडलेच नाही. वरून मी दिसत होतो तसाच होतो. आत मात्र वर्षागणिक पातळ होत गेलो.

हे सर्वांत आधी कळले ते कालिंदीबाईंना. त्यांना मी दिसलो नाही, ऐकू आलो. एका संध्याकाळी उतरताना मनोहररावांनी भार टाकला आणि माझ्या पायातून करकर असा आवाज निघाला.

“अहो, थांबा. हा कठडा वाजतोय.”

“वाजू दे की. आता आपलेही सांधे वाजतातच.”

“आपले बदलता येत नाहीत. याचे येतात.”

मनोहरराव हसले. पण कालिंदीबाई हसल्या नाहीत. पुढच्याच रविवारी अंगणात कमिटीची बैठक होती, तिला त्या खुर्चीतून हजर राहिल्या.

कमिटीचे सेक्रेटरी तन्मय घोषाल. सगळे त्यांना घोषालबाबू म्हणत आणि ते कालिंदीबाईंना बौदी, म्हणजे वहिनी. मनमिळाऊ, धावपळ करणारे गृहस्थ. कुणाला रात्री दवाखान्यात न्यायचे असले की गाडी त्यांचीच निघे. तिसऱ्या मजल्यावरचे विहंग सेनही बैठकीला होते. अंगणातल्या जागेवरून त्यांचे सगळ्यांशी खटके उडत, कारण त्यांच्या घरात स्कूटरी दोन आणि लावायला जागा नव्हती.

“घोषालबाबू, कठडा बदलायला हवा,” कालिंदीबाई म्हणाल्या. “दुरुस्त नको. बदला.”

“नक्की बदलू, बौदी! आणि या वेळी साधा नाही, चकचकीत स्टीलचा लावू. विमानतळावर असतो तसा.”

“स्टीलचा नको बाबा,” सेन म्हणाले. “दारात नर्सिंग होम असल्यासारखं वाटेल.”

“कसा दिसेल ते नंतर बघा,” कालिंदीबाई म्हणाल्या. “कसा धरता येईल ते आधी बघा. तो जाड नको, मुठीत मावेल एवढाच हवा. आणि उतार संपतो तिथे संपायला नको, थोडा पुढे जायला हवा. माणसाचा तोल मध्ये जात नाही, शेवटी जातो. आणि खांब या साचलेल्या पाण्यात रोवू नका. उताराच्या कडेला बाहेरून बसवा, म्हणजे पाणी गळून जाईल.”

बोलणे अगदी स्वच्छ होते. पण चर्चा सुरू झाली आणि फाटे फुटले. स्टील की लोखंड, रंग कोणता, नक्षी हवी की नको. उतारच मागच्या दाराला नेला तर पुढचे अंगण मोकळे होईल, असेही कुणी सुचवले. पुढच्या बैठकीतही तेच आणि त्याच्या पुढच्याही. नवा कठडा प्रत्येकाच्या मनात वेगळा होता. जो उभा होता त्याच्या पायाशी मात्र कुणी वाकून पाहिले नाही.

असे करता करता दुर्गापूजा तोंडावर आली. शेफालीची पूजा अंगणातच होई. बांबू येऊन पडले, मंडप उभा राहू लागला.

“आता वेल्डिंगवाला आणला तर सगळीकडे ठिणग्या आणि घाण,” घोषालबाबू म्हणाले. “पूजेनंतर पहिलं काम हेच. माझा शब्द, बौदी.”

कोलकात्यात ‘पूजेनंतर’ नावाचा एक ऋतूच आहे, मित्रांनो. शहरातली निम्मी कामे त्यात ढकललेली असतात.

परतताना कालिंदीबाई घुश्शात होत्या. मनोहरराव समजावत होते. “अगं, माणूस चांगला आहे. त्याच्या मागे किती लागायचं?”

“चांगला आहे म्हणूनच मागे लागते. वाईट असता तर मी सरळ दुसरा उपाय केला असता.”

महालयेच्या, म्हणजे सर्वपित्री अमावस्येच्या सुमारास इमारतीच्या दर्शनी भागाला रंग लावायचे ठरले. रंगारी माझ्याकडेही आला. पायथ्याच्या खांबावर त्याने पत्र्याची पट्टी घासली, तशी ती खरवडायच्या ऐवजी आतच शिरली. तो उकिडवा बसला आणि बोटाने चाचपू लागला.

“बाबू,” त्याने घोषालबाबूंना हाक मारली, “इथे तर लोखंड उरलेलंच नाही.”

घोषालबाबू एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात झेंडूच्या माळांची पिशवी घेऊन उभे होते. मंडपवाला त्यांना तिकडून हाका मारत होता. त्यांनी वाकून पाहिले. नाही म्हणणार नाही, पाहिले.

“पूजेपुरतं भागव रे. भोकात लांबी भर आणि रंग मार. नंतर सगळा काढायचाच आहे.”

रंगाऱ्याने लांबीच्या लगद्याने भोक बुजवले, वरून हात फिरवून गुळगुळीत केले, आणि मला आकाशी निळा रंग लावला. वाळल्यावर मी इतका देखणा दिसू लागलो की जाणारी येणारी मुले माझ्याजवळ उभी राहून फोटो काढू लागली. मी मनातून ओरडत होतो. पण लोखंडाला आवाज असतो तो फक्त करकरण्याचा, आणि लांबीने तोही बंद केला होता.

त्या संध्याकाळी मनोहररावांनी मला धरून हलवून पाहिले. लांबी नुकतीच कडक झाली होती. मी हललो नाही.

“बघ, घोषालबाबूंनी केलं काम. घट्ट आहे एकदम.”

“बदलला की रंगवला?” कालिंदीबाईंनी विचारले.

“आतून नीट करूनच रंगवला असणार. नाहीतर घट्ट कसा झाला?”

कालिंदीबाई काही बोलणार होत्या. तेवढ्यात मंडपातून कुणीतरी त्यांना मूर्ती पाहायला बोलावले आणि तो विषय तिथेच राहिला. तो पुन्हा निघालाच नाही.

अष्टमीची सकाळ होती. पुष्पांजलीसाठी सगळी शेफाली अंगणात जमली होती. कालिंदीबाईंनी लाल काठांची ढाकाई साडी नेसली होती. मनोहररावांनी पांढरा कुडता घातला होता आणि नेहमीप्रमाणे चष्मा शोधण्यात त्यांना उशीर झाला होता. उताराच्या पायथ्याशी भोगाच्या पंगतीसाठी आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चवड रचली होती. ये-जा करणाऱ्यांच्या ओल्या पायांनी उतार भिजला होता. ढाक, म्हणजे पूजेतले मोठे ढोल, वाजत होते.

“सावकाश हं,” कालिंदीबाई म्हणाल्या.

“सावकाशच. देवी कुठे पळून चाललीय का?”

मित्रांनो, हे त्यांचे शेवटचे हसते बोलणे. अर्ध्या उतारावर मनोहररावांचा पाय किंचित घसरला. त्यांनी नेहमीसारखा सगळा भार माझ्यावर टाकला. माझ्या खालच्या खांबातली लांबी फुटली, निळा रंग फाटला आणि मी मुळापासून बाहेर कललो. मनोहरराव माझ्यासकट उघड्या बाजूने खाली गेले. खाली सांडपाण्याच्या गटाराचा सिमेंटचा काठ होता. ते त्यावर कमरेवर पडले.

खुर्ची त्यांच्या हातून सुटून उतारावरून घरंगळत गेली आणि त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आदळून थांबली. कालिंदीबाईंना खरचटलेही नाही. त्यांचे तोंड देवीकडे होते आणि पाठ आमच्याकडे. ढाक इतक्या जोरात चालले होते की मंडपातल्या कुणाला काही कळले नाही. सगळे हात जोडून, डोळे मिटून उभे.

“अहो?” त्या म्हणाल्या.

मागून उत्तर आले नाही.

“अहो, लागलं का? बोला ना.”

त्यांना वळून बघायचे होते. पण खुर्ची वळवायची तर चाके हातांनी फिरवावी लागतात, आणि त्यांची बोटे चाकावर मिटत नव्हती. तळहात चाकांवर आपटत त्या हाका मारत राहिल्या. एकदा, दोनदा, कितीदा तरी. त्यांच्या पाठीमागे चार पावलांवर मनोहरराव पडले होते. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. त्यांचा एक हात अजून माझ्यावरच होता.

ढाकवाल्याने हात थांबवला तेव्हा कालिंदीबाईंची हाक सगळ्यांना ऐकू गेली. मग धावपळ झाली. घोषालबाबूंनीच गाडी काढली.

मनोहररावांच्या खुब्याचे हाड मोडले होते. ऑपरेशन झाले. पुढचे मी दारात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून ऐकले. आधी “बरे आहेत,” मग “ताप आहे,” मग “छातीत कफ झालाय.” दिवाळी होऊन गेली. मग एके दिवशी सकाळी कुणीच काही बोलेना, तेव्हा मला समजले.

मी त्या वेळी अर्धा उभा, अर्धा आडवा होतो. माझ्या मोडक्या खांबाच्या जागी मंडपातला एक बांबू सुतळीने बांधला होता. त्याच दिवशी दुपारी शववाहिका अंगणात आली. मनोहररावांना उताराच्या पायथ्याशी ठेवले. पुण्याहून त्यांचा मुलगा सलील आला होता. कालिंदीबाई वर दारात होत्या, त्यांच्यामागे त्यांची नवी मदतनीस मंगला; ती त्यांना मावशी या अर्थाने माशीमा म्हणे. मंगलाने उताराकडे, त्या बांबूकडे पाहिले आणि खुर्चीच्या मुठी सोडून दिल्या.

“मला नाही जमणार, माशीमा. मला भीती वाटते.”

चार पुरुष पुढे आले. “आम्ही उचलतो.”

“उचलू नका,” कालिंदीबाई म्हणाल्या. “त्यांनी हा रस्ता केला होता. मी यानेच जाईन.”

सलीलने खुर्ची धरली. तो पहिल्यांदाच आईला या उतारावरून नेत होता. दोन पावलांतच खुर्चीचा भार त्याला खाली ओढू लागला. त्याने नकळत आधारासाठी हात बाजूला नेला, बांबू डुगडुगला, त्याने हात मागे घेतला. मधल्या टप्प्यावर तो थांबला. त्याच्या कपाळावर घाम होता.

“आई, बाबा हे रोज करायचे?”

“रोज,” त्या म्हणाल्या. “आणि वर गप्पाही मारायचे.”

खाली पोचल्यावर त्यांनी आपला वाकडा तळहात मनोहररावांच्या कपाळावर ठेवला. त्या रडल्या नाहीत. फार वेळ हात तसाच ठेवून बसल्या. घोषालबाबू जवळ येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“बौदी, मी... मीच रंग लावायला सांगितलं होतं.”

कालिंदीबाईंनी वर पाहिले. “रंग चांगला होता, घोषालबाबू. खाली लोखंड नव्हतं.”

घोषालबाबू तिथेच खाली बसले. त्यांना उठवायला कुणी गेले नाही.

त्यानंतर सलील आईच्या मागे लागला. माय-लेकांची ती बोलणी मी बाहेरून ऐकत असे, कारण ऊन खायला मंगला त्यांची खुर्ची दारात आणून ठेवी.

“आई, चल माझ्याबरोबर. इथे तुझं आता कोण आहे?”

“या शहरात मी जन्मले, सलील. पुण्यात मला मराठी बोलणारे पुष्कळ मिळतील. पण माझ्याशी काय बोलायचं ते कुणाला ठाऊक असणार?”

“आणि इथे रात्री काही झालं तर? मंगला संध्याकाळी घरी जाते.”

काही दिवसांनी कालिंदीबाई हो म्हणाल्या. खरे सांगतो, त्यांचा तो होकार मला माझ्या मोडण्यापेक्षा जड वाटला. ज्या बाईने उचलून न्यायला इतका विरोध केला, तिला शेवटी असे उचलूनच नेणार होते.

पण जाण्याआधी त्यांनी कमिटीची बैठक बोलवायला लावली. हिवाळ्याचे कोवळे ऊन होते. सगळे माझ्यासमोरच बसले. घोषालबाबू पहिल्यांदाच कमी बोलत होते.

“नवा कठडा लगेच बसवायचा,” ते म्हणाले. “बौदी सांगतील तसा.”

विहंग सेन घसा खाकरत म्हणाले, “कुणी वाईट वाटून घेऊ नका. वझेदांचं मलाही दुःख आहे. पण बौदी तर चालल्या. इमारतीत आता व्हीलचेअर कुणाचीच राहणार नाही. मग कठडा कुणासाठी? उतार तरी कुणासाठी? तो काढला तर स्कूटर लावायला जागा होईल. मी काही चूक बोलतोय का?”

कुणी चूक म्हणाले नाही. दोघातिघांनी तर मानाही हलवल्या. सलीलचा चेहरा लाल झाला, तो उठू लागला. कालिंदीबाईंनी त्याला नजरेनेच बसवले.

“सेनबाबू, हा कठडा माझ्यासाठी होता असं तुम्हाला वाटतं?”

“म्हणजे काय, तुमच्यासाठीच तर वझेदांनी...”

कालिंदीबाईंनी दोन्ही हात मांडीवरून वर उचलले. बोटे एका बाजूला कलंडलेली, सांधे सुजलेले.

“या हातांनी मला चहाचा कप धरता येत नाही. इतक्या वर्षांत मी हा कठडा एकदाही धरलेला नाही. धरायचे ते. खुर्चीत बसलेली बाई तुम्हा सगळ्यांना दिसत होती. तिच्या मागचा म्हातारा होत चाललेला माणूस कुणाला दिसला नाही. मलाही नाही दिसला. तो कायम माझ्या पाठीमागे असायचा.”

मग त्यांनी सेनांकडे पाहिले.

“आणि कुणासाठी म्हणाल, तर मला नाव सांगता येणार नाही. मी लग्न होऊन शेफालीत आले तेव्हा याच पायऱ्या पळत चढत होते. वर पोचून ह्यांना चिडवायची, दम लागला का म्हणून. त्या दिवशी मला कुणी सांगितलं असतं की इथे उतार लागेल, तर मीही हेच विचारलं असतं. कुणासाठी?”

सेन खाली बघतच म्हणाले, “स्कूटरींसाठी दुसरीकडे बघू.” ते काही फार मनापासून आले नव्हते, पण ते म्हणाले. मग बाकीचेही बोलले. उतार राहणार आणि कठडा नवा होणार, हे ठरले. कालिंदीबाईंनी सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगितले. जाडी किती, उंची किती, शेवटी पुढे किती न्यायचा, खांब कुठे बसवायचे. या वेळी घोषालबाबू प्रत्येक ठिकाणी वाकून, हात लावून, खडूने खूण करत होते. भिंतीच्या बाजूलाही एक कठडा हवा, असे कालिंदीबाईंनी सांगितले. “ढकलणाऱ्याला कुठल्याही हाताने आधार घेता यायला हवा,” त्या म्हणाल्या. मित्रांनो, त्या उतारावरून त्या आता पुन्हा वर येणार नव्हत्या. तरीही एकेका खुणेवर त्या ‘थोडं अलीकडे, थोडं वर’ करत दुपार होईपर्यंत बसून राहिल्या.

निघण्याच्या दिवशी घोषालबाबूंनी सलीलला बाजूला केले आणि खुर्ची स्वतः धरली. त्यांनी बांबूला हात लावला नाही. पाय रोवत, एकेक पाऊल टाकत ते खाली आले. धाप लागली तरी थांबले नाहीत. गाडीत बसवताना कालिंदीबाईंनी एकदाच मान वळवून घराच्या दाराकडे पाहिले. गाडी फाटकातून बाहेर गेली तेव्हा मंगला पदराने डोळे पुसत रिकाम्या दारात उभी होती.

त्यानंतर मला कापले. करवतीच्या चाकाखाली माझ्या पायातून लोखंड कमी आणि तांबडी माती जास्त पडली. वेल्डिंगवाल्याने ती झाडूने गटारात लोटली. माझे तुकडे इथे टायरांशेजारी आले, आणि समोर नवा कठडा उभा राहिला. तो माझ्याहून सडपातळ आहे. शेवटी उताराच्या पुढे थोडा वाकून जातो. त्याचे पाय पाण्यात नाहीत. एक खांब बसवल्यावर किंचित डुलत होता. कारागीर म्हणाला, सिमेंट सुकलं की बसेल. घोषालबाबूंनी तो काढायला लावला आणि पुन्हा बसवून घेतला.

काल दुपारी त्यांनी नव्या कठड्याजवळ उभे राहून पुण्याला फोन लावला. अंगणात शांतता होती, म्हणून पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

“बौदी, काम झालं. तुम्ही सांगितलं तसंच, तंतोतंत.”

“कोण वापरतं?” कालिंदीबाईंनी विचारले.

घोषालबाबूंनी उताराकडे पाहिले. एक मांजर तिथे ऊन खात पडले होते. “अजून कुणीच नाही, बौदी.”



“बरं आहे,” त्या म्हणाल्या. “तोवर पुसत जा.”

मित्रांनो, माझी कहाणी एवढीच. आधार देणारी वस्तू आपण मोडेपर्यंत पाहत नाही आणि आधार देणाऱ्या माणसाचेही तसेच असते. तुमच्या शाळेत, दवाखान्यात, इमारतीत माझे भाऊबंद उभे असतील. त्यांच्या अंगावरचा रंग बघून पुढे जाऊ नका. खाली बसा, त्यांच्या पायांना हात लावा. आणि घरात कुणाची खुर्ची ढकलणारे, कुणाला उठवून बसवणारे माणूस असेल, तर त्याच्यासमोर जाऊन उभे राहा आणि विचारा, तुम्ही थकलात का? ते नाही म्हणेल. त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. त्याच्या हातातला भार जरा वेळ आपल्या हातात घ्या.

फाटकाशी भंगारवाल्याची हाक ऐकू येते आहे. आता मला उचलतील.